ग्रुप कुठला घेतलास?

दहावीचा निकाल लागला की तंजावरकडच्या गावांत टक्क्यांपाठोपाठ प्रश्न येतो तो ग्रुपचा. फर्स्ट ग्रुप म्हणजे गणित, भौतिक, रसायन आणि जोडीला जीवशास्त्र किंवा कॉम्प्युटर. वाणिज्याचा वेगळा, गणित वगळून विज्ञान घ्यायचं तर तोही वेगळा. अकरावीला गणित सुटलं की इंजिनिअरिंग सुटलंच, कारण तिथला कटऑफ २०० गुणांचा: गणिताचे १००, भौतिक-रसायनाचे पन्नास-पन्नास. आणि हे ठरवायचं पंधराव्या-सोळाव्या वर्षी.

घरच्या मोठ्यांचं लक्ष तेव्हा भलतीकडेच असतं. कावेरीवरचं मेट्टूरचं धरण रिवाजानं १२ जूनला उघडतं आणि कुरुवई हंगामातल्या भाताचं सगळं त्यावर अवलंबून. यंदा पाणी सोडतील का, आपल्या पाटाला ते कधी पोचेल, या चर्चेत शाळेचा फॉर्म टीव्हीवर पडून राहतो.

ओरत्तनाडूजवळ आमचे लांबचे नातलग आहेत, घरात अजून जुनी तंजावरी मराठी बोलतात. त्यांच्या मुलीनं वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले होते: ग्रुप, परीक्षा, खर्च. खर्चाचे बहुतेक आकडे पेन्सिलीनं, खोडून-खोडून कागद विरलेला. शाईनं एकच आकडा, १०००. सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्या मुलीला कॉलेजात दरमहा मिळणारे ‘पुदुमै पेण्’ योजनेचे रुपये. तिला ईच्चंकोट्टैच्या कृषी महाविद्यालयात जायचंय. वडील म्हणाले, “शेतीच करायची तर घरची आहे की!” ती हसली नाही.

याच ओरत्तनाडूत तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०२ मध्ये मुक्तांबाळ छत्र बांधलं. वाटसरूंना जेवण आणि मुलांना फुकट शिक्षण, दोन्ही एकाच आवारात. स्वतः राजांना वैद्यकापासून संगीतापर्यंत आणि ग्रंथांपासून छापखान्यापर्यंत सगळ्याची गोडी. राजाला ग्रुप निवडावा लागत नाही, हेही खरंच.

कुंभकोणच्या रामानुजनला मात्र निवडीची मुभाच नव्हती. १९०४ मध्ये टाउन हायस्कूलमधून गणिताचं बक्षीस घेऊन तो बाहेर पडला, शिष्यवृत्तीवर सरकारी कॉलेजात गेला आणि गणितापायी बाकीच्या विषयांकडे दुर्लक्ष झाल्यानं नापास झाला. शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासला पच्चयप्पा कॉलेजात जाऊनही एफ.ए.ची (फर्स्ट आर्ट्स) परीक्षा त्याला साधली नाही. अलौकिक माणसाला परीक्षा कशाला, अशा थाटात आपण हे सांगतो. मला त्यात वेळापत्रक दिसतं. तेव्हा सगळे विषय सक्तीचे होते, आता काही विषय कायमचे सोडायची सक्ती आहे. दोन्हीकडे मुलाला मागे वळायला जागा नाही.

त्या मुलीला मी जीवशास्त्रासोबत गणितही ठेव म्हटलं. तिला गणित आवडत नाही, तरी ठेवलंय. हा काही मोठा सल्ला नव्हे, दार उघडं ठेवायची किंमत आहे आणि ती तिनंच रोज संध्याकाळी भरायची आहे. पहिलं सत्र संपल्यावर एकदा, विनाचौकशी, ग्रुप बदलू दिला तर अशी किंमत फार जणांना भरावी लागणार नाही. शाळेचं कागदाचं काम वाढेल. वाढू दे.