मस्टरवर नाव आहे ना? मग ऐका!

दोन तास! फक्त दोन तास! वेळेवर कामावर हजर व्हायचं, दोन तासांत काम मिळालं नाही तर त्या दिवशी तुम्हाला 'ले-ऑफ' दिला असं धरायचं, आणि मग मालकाने अर्धा पगार द्यायचा! कायद्यात लिहिलंय हो! मी वकील नाही, युनियनचा माणूसही नाही, पण ज्याला त्याला धरून हेच सांगत सुटलोय. आता तुम्ही सापडलात!

आमच्या नायगावच्या चाळीतल्या एक वहिनी सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिन्यांच्या कारखान्यात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर आधी २५ टक्के आणि मग २७ तारखेपासून ५० टक्के शुल्क लावलं, आणि मग तिकडच्या ऑर्डरी आटल्या, आणि मग तयार माल पडून राहिला, आणि मग यांना तोंडी निरोप आला, ''आता येऊ नका, बोलावू तेव्हा या.'' पगाराचं काय? कुणी बोलेना! म्हणून मी १९४७चा औद्योगिक विवाद कायदा उघडला आणि जागचा हललोच नाही!

ले-ऑफची कारणं वाचा! कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, यंत्र बिघडलं, आणि चक्क 'माल साठून राहिला'! हे आलं कुठून? आपल्या गिरण्यांतून! कापड गिरण्यांत माल तुंबला, कामगार घरी बसायची वेळ आली, म्हणून २४ ऑक्टोबर १९५३ ला वटहुकूम निघाला! आमच्या स्प्रिंग मिलचा भोंगा ज्यांनी ऐकला त्यांच्यासाठी! आणि गैरहजर माणसाच्या जागी घेतलेला बदली कामगार? वर्ष भरलं की या अर्ध्या पगाराच्या भरपाईपुरता तो बदली उरतच नाही! वर्ष म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस काम. केवढा बारीक विचार!

त्याआधी काय होतं? १९२५ मध्ये देशी गिरणी कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर होता, बाजार बसलेला, मुंबईच्या गिरणी मालकांनी साडेअकरा टक्के मजुरी कापली, आणि मग दीड लाख कामगार संपावर गेले, आणि मग डिसेंबरात सरकारने कर थांबवला तेव्हा कुठे कपात मागे! महिनोन्महिने चूल विझवून मिळवलेलं ते!

आता खरी गोम ऐका. 'येऊ नका' म्हटलं तरी जायचं! ले-ऑफ असला तरी मालकाने हजेरीपट ठेवायचाच, आणि आपण दिवसातून एकदा ठरल्या वेळी जाऊन हजेरी लावायचीच. नाही गेलात तर त्या दिवसाची भरपाई गेली! आणि अजून गंमत! दुपारनंतर या म्हणाले, तुम्ही गेलात, तरी काम नाही? मग त्या अर्ध्या पाळीचा पूर्ण पगार! मी हे तीनदा वाचलं!

स्वित्झर्लंडमध्ये अशा वेळी कंपनी सरकारकडे अर्ज करते आणि बुडालेल्या पगाराचे ८० टक्के विमा निधीतून मिळतात. आपल्याकडे ५० टक्के, तेही मालकाच्या खिशातून. आणि ५० पेक्षा कमी कामगार असले तर काहीच नाही! हे मला सलतं, फार सलतं. गल्लीबोळांतल्या छोट्या कारखान्यांतली माणसं काय हवा खाऊन राहतात?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा औद्योगिक संबंध संहितेत गेला, पण अर्धा पगार कायम आहे, दोन तासही कायम! वहिनींना सांगितलं तर त्या आधी हसल्या, आणि मग कपाटातून पगाराची स्लिप काढली, आणि मग आम्ही मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले दोन असा हिशेब मांडला, साप्ताहिक सुट्ट्या वजा केल्या, आणि शेजारच्या दोघी आपापल्या स्लिपा घेऊन आल्या! मालकाने नाहीच दिले तर वसुलीचा अर्ज आहे, वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार आयुक्तांचं कामगार भवन आहे. तुमची स्लिप कुठाय? आणा की!