थप्पीच्या मागे

२ मार्च २०२० रोजी मी फोर्टमधल्या एका सीए फर्ममध्ये आर्टिकल म्हणून रुजू झाले. पनवेलहून सीएसएमटी लोकल पहिल्या स्टेशनातच पकडायची, त्यामुळे बसायला जागा मिळायची आणि सव्वा-दीड तासात अभ्यास व्हायचा, असा माझा बेत होता. तीन आठवडेही झाले नाहीत तोच सरांनी सगळ्यांना लॅपटॉप घेऊन घरी पाठवलं. पुढचं दीड वर्षाहून अधिक काळ मी ऑडिट शिकले ते वडाळे तळ्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात. टेबल एकच होतं. सकाळी त्यावर धाकट्या भावाची शाळा भरायची, दुपारी माझं ऑफिस, आणि रात्री आई त्यावर भाजी निवडायची.

आर्टिकलशिप म्हणजे काय हे अनेकांना माहीत नसतं, म्हणून सांगते. सीएची परीक्षा नुसती पुस्तकं वाचून पास होऊन चालत नाही. एखाद्या सीएच्या हाताखाली ठरावीक काळ उमेदवारी करावी लागते. आमच्या वेळी ती तीन वर्षांची होती, जुलै २०२३ पासून दोन वर्षांची झाली. करार होतो, त्याची नोंद इन्स्टिट्यूटकडे होते, दरमहा स्टायपेंड मिळतो. स्टायपेंडबद्दल न बोललेलं बरं. सुतार, सोनार, वैद्य यांच्याकडे पोरं जशी राहून शिकायची, तसलाच हा प्रकार. गुरू काय सांगतो त्यापेक्षा तो कुठे थांबतो, कोणत्या कागदापाशी भुवई वर करतो, हे बघून शिकायचं. आता भुवई स्क्रीनवर बघायची म्हणजे पंचाईत. सर बहुधा कॅमेरा बंदच ठेवायचे.

ऑफिसातल्या त्या मोजक्या दिवसांत मी एक गोष्ट पाहिली होती. आमचे सीनिअर व्हाउचरची फाईल चाळताना प्रत्येक कागद उलटा करून बघायचे. का, असं विचारल्यावर त्यांनी एक व्हाउचर पालथं करून दाखवलं. पुढे छापील बिल, सही, शिक्का, सगळं नीट. मागे अकाउंटंटने पेन्सिलीने लिहिलेलं : ‘साहेब बोलले म्हणून. बिल नंतर.’ घरी आल्यावर क्लायंटकडून व्हाउचर पीडीएफ होऊन यायला लागली. स्वच्छ, सरळ, एकाखाली एक. स्कॅन करणारा माणूस कागदाची पुढचीच बाजू स्कॅन करतो, यात त्याची काही चूक नाही. मी पाठपोट स्कॅन मागायला लागले तेव्हा एका कंपनीतल्या बाईंनी मला फोनवर ऐकवलं, ‘‘मॅडम, मागे कोरं आहे, कोऱ्या कागदाचं काय ऑडिट करणार?’’ प्रश्न बिनतोड होता. तरी मी पाठपोटच मागत राहिले.

‘ऑडिट’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘ऐकणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. जुन्या काळी कारभारी हिशेब मोठ्याने वाचून दाखवायचा आणि तपासणारा ऐकायचा. आपल्याकडचा ‘लेखापरीक्षक’ मात्र परीक्षा घेतो, म्हणजे बघतो, पारखतो. या दोन शब्दांमधलं अंतर मला त्या वर्षी रोज जाणवायचं. फोनवर मी ऐकत होते, बघत नव्हते.

आणि पनवेलमध्ये तो काळ ऑडिट शिकणाऱ्यांसाठी जरा अवघडच होता. गावातल्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेत बनावट कर्जखाती दाखवल्याच्या आरोपावरून गुन्हा दाखल झाला होता, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवानाच रद्द केला. ठेवींवरचं विम्याचं संरक्षण फेब्रुवारी २०२०मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर नेलेलं होतं, म्हणून पुष्कळांची मान सुटली. मी काय शिकते हे बिल्डिंगमध्ये कळलं होतं. जिन्यात कुणी ना कुणी गाठायचंच : ‘‘काय गं, तुमचे ऑडिटर लोक नक्की करतात काय?’’ ‘तुमचे’ या शब्दावर जोर. मी अजून एका ताळेबंदावरही सही न केलेली मुलगी, पण जिन्यापुरती मी अख्ख्या व्यवसायाची प्रतिनिधी होते.

आमच्या घरात मोजणीचा खरा जाणकार मात्र वेगळाच होता. आजोबा मुंबई बंदरात टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारा माल मोजायचा, गोणी मोजायच्या, फुटलेल्या वेगळ्या लिहायच्या, पावतीवर सही करायची. माझ्या लॅपटॉपवर ‘टॅली’ उघडलेलं पाहून त्यांना फार मौज वाटायची. ‘‘आमच्याकडे टॅली म्हणजे माणूस असायचा,’’ म्हणायचे. थप्पी कशी मोजायची हे त्यांनी मला जेवणाच्या ताटाशेजारी काड्यापेट्या रचून शिकवलं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची हे शाळेतलं गणित झालं. थप्पीभोवती चारही बाजूंनी फिरायचं, वर चढायचं, आणि मधली गोणी काढायला लावायची. कारण बाहेरून भरलेली थप्पी आतून पोकळ रचता येते.

आजोबांना ठाऊक नव्हतं, पण ऑडिटचा निम्मा इतिहास या काड्यापेट्यांतच होता. १८९६ साली इंग्लंडमध्ये किंग्स्टन कॉटन मिलचा खटला झाला. मॅनेजर वर्षानुवर्षं कापूस आणि सुताचा साठा फुगवून दाखवत होता, आणि ऑडिटर त्याने दिलेला दाखला खरा धरत होते. कोर्टाने ऑडिटरना दोषी धरलं नाही. ऑडिटर हा राखण करणारा कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे, हे न्यायमूर्ती लोप्स यांचं मत आमच्या प्रत्येक पुस्तकात असतं. साठा मोजणं हे ऑडिटरचं काम नाही, ही समजूत त्यानंतर चाळीस वर्षं टिकली. ती मोडली १९३८ साली, अमेरिकेत. मॅकेसन अँड रॉबिन्स ही औषधांची मोठी कंपनी. तिचा प्रमुख खोटं नाव घेऊन वावरणारा जुना गुन्हेगार निघाला, आणि ८७ दशलक्ष डॉलरच्या मालमत्तेतले सुमारे १९ दशलक्ष डॉलर हवेत होते. कॅनडातल्या गोदामांमध्ये औषधांचा कच्चा माल आहे असे कागद होते. बिलं, पावत्या, पत्रं, सगळं होतं. गोदामात माल नव्हता, आणि बघायला कुणी गेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ऑडिटरांसाठी नियम आला : साठ्याची मोजणी होताना हजर राहा. आपल्या एसए ५०१ या मानकातही तेच आहे. साठा मोठा असेल तर मोजणीला ऑडिटरने हजर राहायचं, अगदीच अशक्य असेल तर दुसरा मार्ग शोधायचा.

२०२०-२१मध्ये ते ‘अगदीच अशक्य’ सगळीकडे लागू झालं. ३१ मार्च २०२१ला मी हजर राहिले ती व्हॉट्सॲपवर.

क्लायंट प्लास्टिकच्या दाण्याचा व्यापारी होता. परदेशातून कंटेनर येतात, न्हावाशेवा बंदरात उतरतात, आणि माल आसपासच्या गोदामांत जातो. त्याचं गोदाम पलस्पे फाट्याच्या पुढे होतं, म्हणजे माझ्या घरापासून स्कूटीवर वीस मिनिटं. पण फर्मचा नियम होता, कुणालाही साईटवर पाठवायचं नाही. फोर्टचं ऑफिस पनवेलच्या मुलीला पनवेलचं गोदाम फोनवर दाखवत होतं. पंचवीस किलोच्या गोणी, एका पॅलेटवर पंचावन्न. स्टोअरकीपर फोन हातात धरून चालत होता. मी म्हणेन तिकडे तो वळत होता, मी सांगेन ती चिठ्ठी जवळून दाखवत होता. अतिशय सहकार्य करणारा माणूस. फक्त शेवटच्या दोन रांगांच्या मागे तो काही केल्या जाईना. ‘‘तिथं रेंज येत नाय मॅडम.’’ मग ‘‘तिथं अंधार हाय.’’ मग ‘‘हमाल गावाला गेलेत, मधला पॅलेट कोण काढणार?’’

माझ्या मागे आजोबा चहा पीत बसले होते. ते हळूच म्हणाले, ‘‘मागची बाजू दाखवत नाही तो.’’

मी वर्किंग पेपरमध्ये लिहिलं : शेवटच्या दोन रांगांची मागची बाजू पाहता आली नाही. सीनिअरचा मेसेज आला, एवढ्यासाठी फाईल अडवू नकोस, ‘समाधानकारक’ लिही. मी ते वाक्य ठेवून फाईल वर पाठवली. दुसऱ्या दिवशी सरांचा स्वतःचा फोन आला. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘तू पनवेललाच असतेस ना? घरच्यांना विचार. दोन मास्क लाव आणि शनिवारी जाऊन ये.’’

३ एप्रिलला मी गेले. दोन दिवसांनी पुन्हा निर्बंध लागले, त्यामुळे तो शनिवार हुकला असता तर हुकलाच असता.

गोणी पूर्ण होत्या. अकरांचा फरक आला, तोही फुटलेल्या गोण्या एकत्र भरल्याचा, त्याची वही त्याच्याकडे होती. थप्पी आतून पोकळ नव्हती. तिच्या मागे भिंत आणि माल यांच्यामध्ये सहा-सात फुटांची जागा होती. तिथे एक खाट, दोरीवर दोन शर्ट, भिंतीला विठोबाचं कॅलेंडर, एक पत्र्याची पेटी आणि रॉकेलचा स्टोव्ह. तो कामोठ्याला तिघांबरोबर खोलीत राहायचा. पहिल्या लॉकडाऊनमध्ये बाकीचे गावाला निघून गेले, एकट्याला भाडं परवडेना, म्हणून इथे आला. मालकाला माहीत नव्हतं. ‘‘गोणी मोजा की कितीबी,’’ तो म्हणाला, ‘‘हितं तेवढं लिहू नका.’’ त्याने मला त्याच स्टोव्हवर चहा करून दिला. मी तो प्यायले.

माझं काम गोणी मोजायचं होतं आणि गोणी बरोबर होत्या. पण हजारो गोण्या प्लास्टिकच्या ढिगाला पाठ लावून एक माणूस रोज रात्री रॉकेल पेटवत होता आणि तिथेच झोपत होता. दार रात्री बाहेरून वॉचमन बंद करायचा, हे त्याने बोलता बोलता सांगितलं. विम्याची अट मोडत होती हा भाग होताच. मला दिसत होतं ते बाहेरून लागलेलं कुलूप. फोनवरच राहिले असते तर ‘समाधानकारक’ लिहून मोकळी झाले असते आणि यातलं काहीच मला ठरवावं लागलं नसतं.

मी त्याला तिथेच सांगितलं की मी लिहिणार आहे. मग घरी येऊन लिहिलं : गोदामात ज्वलनशील मालाजवळ स्वयंपाक आणि मुक्काम होतो, विम्याच्या अटी आणि सुरक्षितता तपासावी. सरांना फोन करून वेगळं सांगितलं की माणूस प्रामाणिक आहे, वह्या चोख आहेत, त्याची राहायची सोय बघायला मालकाला सांगा. हे दुसरं कुठल्याही मानकात बसत नाही. सर ‘‘बघतो’’ म्हणाले.

आजोबांना ते पटलं नाही. दोन दिवस ते माझ्याशी तुटक बोलले. ‘‘डॉकवर आमची कितीतरी माणसं मालाच्या आडोशाला झोपायची,’’ म्हणाले. ‘‘कधी कुणी लिहिलं नाही.’’ मी म्हटलं, ‘‘आणि आग लागली म्हणजे?’’ त्यावर ते काही बोलले नाहीत, काड्यापेट्या मात्र उचलून ठेवल्या. मी आजही ते वाक्य लिहीन. आजोबा आजही नको म्हणतील.

मे महिन्यात त्या फाईलच्या दुसऱ्या एका कामासाठी मी स्टोअरकीपरला फोन केला. आवाज नेहमीचाच. गेट पासचे नंबर त्याने न चुकता सांगितले. शेवटी मीच विचारलं, आता कुठे राहता? कळंबोलीला खोली घेतली, म्हणाला. भाडं अडीच हजार, त्यातले हजार मालक देतो, उरलेले पगारातून जातात. गावाला पैसे कमी जातात आता.

‘‘पण पंखा हाय,’’ म्हणाला. ‘‘गोदामात नव्हता.’’

मग त्याने विचारलं, पुढच्या मार्चला पण तुम्हीच येणार का.