चढण एकाची, देखावा दुसऱ्याचा

डोंगरउतारावरच्या वस्तीची किंमत दोन प्रकारे ठरते. वरून काय दिसतं ही एक, आणि वर जायला काय लागतं ही दुसरी. पहिली किंमत पाहुणा लावतो. दुसरी तिथे राहणारा रोज मोजतो. वाट पायी चढण्याची असते तोवर दुसऱ्या किमतीचंच राज्य असतं, आणि उतारावर गरिबांची घरं दिसतात. रस्ता झाला, चाकं वर पोचली, की पहिली किंमत जागी होते आणि तोच उतार पैसेवाल्यांना हवासा वाटू लागतो. नगर हवेलीच्या डोंगराळ भागात आज हा बदल सुरू आहे. खानवेल, दुधनी, कौंचा, मांदोणी, सिंदोणी या बाजूचे पाडे बघायला येणाऱ्यांची वर्दळ वाढण्याआधी पाड्यांखालची जमीन तिथल्या माणसांच्या नावावर पक्की व्हायला हवी, आणि पाहुण्याने कुठवर यायचं, कुठे थांबायचं, हे ठरवणं त्यांच्या हाती राहायला हवं, असं माझं ठाम मत आहे. आधी पाहुणे आणि मग कागद, असा उलटा क्रम झाला तर काय होतं, ते दूरच्या शहरांनी दाखवून दिलेलं आहे.

सॅन फ्रान्सिस्को हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं टेकड्यांचं शहर. तिथल्या नॉब हिल या टेकडीचा चढ घोडागाडीला झेपत नसे, म्हणून धनिकांची वस्ती बराच काळ खालीच राहिली. १८७३ साली अँड्र्यू हॅलिडी यांनी क्ले स्ट्रीटवर केबल कार सुरू केली. रस्त्याखालून सतत फिरणारा पोलादी दोर डब्याला वर ओढून नेऊ लागला आणि काही वर्षांतच रेल्वेच्या धंद्यात अफाट पैसा मिळवलेले लेलँड स्टॅनफर्ड, चार्ल्स क्रॉकर वगैरे मंडळी वर वाडे बांधून मोकळी झाली. क्रॉकरला आपल्या वाड्याभोवतीचा सगळा चौक हवा होता. त्यातला एक तुकडा निकोलस यंग या मूळच्या जर्मन माणसाचा होता. अंत्यसंस्काराचं सामान पुरवणं हा त्याचा व्यवसाय. सौदा जमला नाही, तेव्हा क्रॉकरने यंगच्या घराला तीन बाजूंनी घराहूनही उंच असं लाकडी कुंपण उभारलं. ऊन गेलं, वारा गेला, समोरचा देखावा गेला. कागदावर मालक यंगच होता, पण त्या घरात राहण्यात काही अर्थ उरला नाही आणि कुटुंबाला मुक्काम हलवावा लागला. लॉस एंजेलिसच्या चावेझ रवीनमध्ये तर कुंपणाचीही गरज पडली नाही. तिथल्या ला लोमा, पालो व्हर्दे आणि बिशप या डोंगरवस्त्यांत प्रामुख्याने मेक्सिकन वंशाची कुटुंबं राहत. १९५० साली त्यांना जागा सोडण्याची पत्रं गेली. इथे सरकारी घरकुलं होतील आणि तुम्हाला त्यांत पहिला हक्क मिळेल, असं आश्वासन होतं. ती योजना बारगळली. उरलेल्या कुटुंबांना १९५९ च्या मे महिन्यात घरांतून बाहेर काढलं गेलं आणि १९६२ साली त्या जागी बेसबॉलचं भव्य मैदान सुरू झालं. पहिल्या ठिकाणी पैसा, दुसऱ्या ठिकाणी सरकार. दोन्हीकडे उतार राहिला, माणसं गेली.

आता इकडे या. दादरा आणि नगर हवेलीचं क्षेत्रफळ अवघं ४९१ चौरस किलोमीटर, आणि त्यातला सुमारे चाळीस टक्के भाग जंगलाचा. पश्चिमेकडचा सिल्वासाचा पट्टा सपाट आहे. १९६५ साली पिपरियाला पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे मसाट आणि खडोली झाली, करसवलतींच्या काळात कारखान्यांची रीघ लागली, आणि २००१ ते २०११ या दशकात इथली लोकसंख्या जवळपास ५६ टक्क्यांनी वाढली. देशातल्या कुठल्याही राज्यात वा केंद्रशासित प्रदेशात तेवढी वाढ झाली नव्हती. सपाटीची मागणी अशी वाढत जाते तेव्हा तिची नजर आज ना उद्या डोंगराकडे वळतेच. खानवेलच्या पुढे सागाचं रान आणि वळणं सुरू होतात, पलीकडे दमणगंगेवरच्या मधुबन धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं आणि दुधनीला शिकारे पाहुण्यांची वाट बघत असतात. पाण्यात बसून वर पाहिलं की हिरव्या डोंगरावर विखुरलेली घरं फार सुंदर दिसतात. ती सुंदर आहेतच, त्यात वाद नाही. पण होडीतून त्या घरांच्या जागेमागचा विचार दिसत नाही. भाताची खाचरं होतील अशी सपाट जमीन इथे आधीच थोडी. तिच्यावर घर बांधणं म्हणजे पोटावर घर बांधणं. म्हणून घर वरकस जमिनीवर, पाण्याच्या झऱ्यापासून चालता येईल इतकं जवळ आणि ओहोळाच्या लोंढ्यापासून लांब. धरण झालं तेव्हा खोऱ्यातली बरीच सखल जमीन पाण्याखाली गेली आणि ही सपाटी आणखी दुर्मीळ झाली. पाहुणा ज्या पाण्यावरून डोंगर बघतो, त्या पाण्याखाली कुणाची तरी शेतं होती.

उतार काय असतो हे कळायला एका माणसाचं अख्खं आयुष्य डोळ्यांसमोर आणावं लागतं. वारली किंवा कोकणा आदिवासी घर बांधताना उताराच्या वरच्या अंगाला माती थोडी कापतात, खालच्या अंगाला दगड रचून जोतं उचलतात आणि घरामागे चर खणतात, म्हणजे पावसात डोंगरावरून येणारं पाणी कुडाला न लागता बाजूने निघून जातं. कुड कारवीच्या काठ्यांचा, वरून शेणामातीचा लेप. शेजारी वेल चढवायला मांडव. इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा तो चर बुजू न देणं हे पावसाळ्यातलं रोजचं काम. मूल चालायला शिकतं तेच उतारावर. शाळेत जाऊ लागलं की सकाळी उतरायचं आणि दुपारी उपाशीतापाशी चढायचं. ओहोळ भरला की शाळा बुडते. मुलगी थोडी मोठी झाली की कळशी डोक्यावर येते, आणि पाणी नेहमी घराच्या खालच्या अंगाला असल्याने उतरताना कळशी रिकामी, चढताना भरलेली. भाताचे भारेही खालून वर न्यायचे. नागली, वरई, उडीद वरकसावर पिकतात तेवढाच दिलासा. राब भाजायचा, रोपं काढायची, लावणी करायची, आणि दिवाळीनंतर हाताला काम हवं म्हणून सिल्वासा-वापीचे कारखाने किंवा पालघर-भिवंडीकडच्या वीटभट्ट्या गाठायच्या. बाळंतपण अडलं तर बाईला झोळीत घालून चौघांनी गाडीच्या रस्त्यापर्यंत उतरवायचं. अशा वेळी रुग्णालयाचं किलोमीटरमधलं अंतर फसवं असतं, खरं अंतर त्या पहिल्या पाऊणएक तासाच्या उताराचं. म्हातारपणी हाच उतार माणसाचं जग लहान करत नेतो. आधी बाजार सुटतो, मग रेशनचं दुकान, मग खालचं शेत, आणि शेवटी ओटा उरतो. एकच चढण, पण दर वयात तिचं वजन वेगळं. पाहुण्याला ती एकाच वयात, रिकाम्या हातांनी आणि परत जायची गाडी खाली उभी असताना भेटते.

तरी हा उतार म्हणजे नुसता भोग आहे असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं तिथल्या माणसांच्या शहाणपणाचा अपमान ठरेल. विखुरलेल्या घरांत साथ सहज पसरत नाही, आग एका छपरावरून दुसऱ्यावर उडत नाही, प्रत्येकाला गुरांपुरती आणि कोंबड्यांपुरती मोकळी जागा मिळते. शिवाय या मुलखात सपाटीवरची जमीन पिढ्यान्पिढ्या सावकार-जमीनदारांच्या ताब्यात गेलेली. शेजारच्या तलासरी-डहाणू भागात वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली वारल्यांनी उठाव केला, तो गोदावरी परुळेकरांच्या कामामुळे महाराष्ट्राला माहीत आहे. जिथे वेठीला धरणारा माणूस सहजी चढून येत नाही अशा ठिकाणी राहणं, हाही घराची जागा निवडण्याचा एक पक्का निकष होता.

आणि इथे कागदाचा प्रश्न येतो. पोर्तुगीजांकडे नगर हवेली १७८३ मध्ये आली आणि दादरा १७८५ मध्ये. १९१९ च्या शेतजमीनविषयक कायद्याखाली त्यांनी लागवडीच्या अटीवर मोठमोठ्या जमिनी मर्जीतल्या लोकांना दिल्या. त्या सनदांना अल्वारा म्हणतात. त्या जमिनींवर आधीपासून राहणाऱ्या, कसणाऱ्या माणसाकडे असा कागद नव्हता. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं, १९६१ मध्ये प्रदेश भारतात रीतसर सामील झाला, १९७१ मध्ये जमीन सुधारणांचा कायदा आला आणि भूमिहीनांना जमिनी मिळाल्या. पण अल्वारांचे दावे कोर्टात चालतच राहिले. लागवडीची अट पाळली नाही म्हणून १९७४ साली रद्द केलेल्या सनदांचा एक वाद सर्वोच्च न्यायालयात २०२५ मध्ये निकाली निघाला. पन्नासहून अधिक वर्षं! जमिनीचा एक जुना कागद किती दीर्घायुषी असतो याचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही. दुसरी गोष्ट अशी की राज्यघटनेची पाचवी अनुसूची राज्यांतल्या घोषित क्षेत्रांपुरती आहे. नगर हवेली केंद्रशासित असल्याने त्या यादीत नाही, त्यामुळे शेजारच्या पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी ग्रामसभेला तिचे अधिकार मान्य करणाऱ्या पेसा कायद्याचा जो आधार मिळतो तो सीमेच्या अलीकडच्या त्याच वारल्याला मिळत नाही. डोंगर एक, बोली एक, नातीगोती एक, आणि संरक्षण मात्र निराळं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप इर्शाळवाडीचा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ती ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. गडावर जाणारे शेकडो लोक त्या वाडीत चहा पिऊन, जेवून गेलेले होते. तिला रस्ता नव्हता, आणि त्या रात्री मदतीला जाणाऱ्यांनाही अंधारात, पावसात पायी चढावं लागलं. मग उतारावरच्या माणसांना खाली आणून बसवणं हीच खरी माणुसकी नाही का? धोका खराच आहे, आणि जिथे भूवैज्ञानिक तसं सांगतात तिथे पाडा हलवायलाच हवा. पण खाली म्हणजे कुठे, हे आधी ठरलं पाहिजे. घर खाली आणि शेत, रान, गुरं वर, अशी विभागणी झाली की माणूस रोज दुप्पट चढतो किंवा शेती सोडून मजूर होतो. चावेझ रवीनमधल्या लोकांनाही आधी चांगल्या घरांचंच आश्वासन मिळालं होतं. शिवाय उतार धोकादायक बनवण्यात हातभार कुणाचा, हेही बघावं. घरापुरती हातभर माती कापणं वेगळं, आणि रुंद रस्त्यासाठी किंवा डोंगरातल्या बंगल्यांच्या प्लॉटसाठी जेसीबीने उताराचा पायथा उभा छाटणं वेगळं. आधार गेलेल्या मातीत पाणी मुरलं की ती सरकते. पाड्याला वाचवायचं म्हणून उठवायचं आणि तीच जागा दोन-चार वर्षांनी विश्रामगृहाला द्यायची, असं कुठेही होऊ लागलं तर सुरक्षिततेचं कारण खोटं होतं हे त्याच दिवशी सिद्ध होईल.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. पाहुणे आले तर वीटभट्टीवर जायची वेळ येणार नाही, पोरं गावात राहतील. हे मला मान्य आहे, म्हणूनच पाहुण्यांनी येऊ नये असं मी म्हणत नाही. फरक आहे तो मालकीचा. स्वतःच्या घरात दोन खोल्या वाढवून पाहुण्याला नागलीची भाकरी वाढणारी बाई आणि तिच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या हॉटेलात चादरी बदलणारी बाई, दोघींना पैसे मिळतात. पण पहिलीच्या मुलांकडे उद्या काही उरतं, दुसरीच्या मुलांकडे नाही. वारली चित्रांचं काय झालं ते आपल्यासमोर आहे. लग्नाचा चौक घराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने लिहीत. आज ती चित्रं शहरांतल्या हॉटेलांच्या, विमानतळांच्या, ऑफिसांच्या भिंतींवर आहेत, २०१४ मध्ये त्यांना भौगोलिक निर्देशांकही मिळाला; पण त्यातला पैसा सगळ्याच पाड्यांवर चढून गेला असं कुणी म्हणू शकणार नाही. कला उतारावरून खाली आली, तिची कमाई खालीच थांबली. जमिनीच्या बाबतीत असं घडलं तर ते परत फिरवता येणार नाही, कारण चित्र पुन्हा काढता येतं, विकलेला उतार पुन्हा मिळत नाही.

रस्ता मात्र हवाच. झोळीतल्या बाईसाठी हवा, शाळेतल्या मुलासाठी हवा, ओट्यावर अडकलेल्या म्हाताऱ्यासाठी तर आधी हवा. त्याच रस्त्याने जमीन घेणाराही येणार, म्हणून त्याच्याआधी २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे निकाली निघाले पाहिजेत, वैयक्तिक आणि सामूहिक दोन्ही. या कायद्यात एक फार चांगली तरतूद आहे: पाड्यातल्या जाणत्या वृद्धांचं तोंडी निवेदन लिहून घेतलं तर ते पुरावा म्हणून चालतं. राब कुठे भाजायचे, वाघदेवाचा दगड कुठे होता, झऱ्यावरून कुठल्या घरांचं पाणी होतं, धरणाआधी वाट कुठून जाई, हे सांगू शकणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीला पोचली आहेत आणि ती खाली कचेरीत येऊ शकत नाहीत. वही घेऊन कुणीतरी वर जायला हवं, आणि येत्या पावसाळ्याआधी जायला हवं.