गोव्याला गेलो, अक्षरं मोजायला!

वीकेण्डला गोवा म्हटलं की ऑफिसात पहिला प्रश्न, 'कुठला बीच?' या वेळी मी खरं ते सांगून टाकलं. 'बीच नाही, म्युझियम. विमानावरची अक्षरं मोजायचीत.' टीममधल्या निम्म्या लोकांनी सहानुभूतीने पाहिलं. उरलेल्यांना वाटलं, पठ्ठ्या काहीतरी लपवतोय!

लपवण्यासारखं काही नव्हतं. कारण होते आमचे काका. नौदलात विमानांचे मेकॅनिक. डिसेंबर १९७१ मध्ये 'विक्रांत'वरून उडून कॉक्स बझारवर हल्ला करणारी सी हॉक विमानं, त्या ताफ्यावर त्यांनी काम केलेलं. त्यांच्या पंचाहत्तरीला मी प्लॅस्टिकचं सी हॉक बनवून दिलं, १:७२ मापाचं. काकांनी चष्मा लावला, विमान फिरवून पाहिलं आणि म्हणाले, 'छान केलंयस रे. पण हे आमचं नाही. ही तर बालवाडीच्या पाटीवरची अक्षरं!'

चूक माझीच. विमानावरची अक्षरं म्हणजे डिकल, पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत चिकटवायची पातळ फिल्म. हवा तो संच मिळेना, म्हणून घरात पडलेल्या १:४८ च्या शीटवरची अक्षरं मी डकवली होती. हिशोब सोपा आहे. खऱ्या विमानावर आठ इंची, म्हणजे २०३ मिलिमीटरचं अक्षर असेल, तर १:७२ मध्ये ते २.८ मिलिमीटर होतं आणि १:४८ मध्ये ४.२. म्हणजे थेट दीडपट. मला कळलं नव्हतं, काकांना एका नजरेत कळलं.

म्हणून बोगमाळो रोड. दाबोळी विमानतळाच्या जवळच १९९८ पासून नौदलाचं विमान संग्रहालय आहे. उघड्या मैदानात विमानं ओळीने उभी. चार इंजिनांचं अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन तर आधी एअर इंडियाचं, मग वायुदलाचं आणि शेवटी नौदलाचं. एकाच अंगावर तीन वेळा अक्षरं बदलली! मी मात्र सी हॉकसमोर ठाण मांडून बसलो. मित्र दहा मिनिटांत कंटाळून सावलीत गेले.

तुम्हालाही हा नाद असेल तर एक युक्ती सांगतो. विमानाच्या अगदी जवळ जाऊन फोटो काढू नका, त्यात पुढचा भाग फुगतो. लांब जा, बरोब्बर बाजूला उभे राहा आणि झूम करा. घरी आल्यावर तो फोटो असा छापा की विमान मॉडेलएवढंच लांब दिसेल. सी हॉक १२.०९ मीटरचं, म्हणजे कागदावर १६.८ सेंटिमीटर. आता अक्षरं आपोआप हव्या त्या मापाची! वर त्यांचं वळणही मिळतं. कॉम्प्युटरवरचा तयार फॉण्ट इथे दगा देतो, अक्षरं फोटोवरूनच गिरवायची.

रंगाबाबत मात्र म्युझियमवर विसंबू नका. उन्हात, खाऱ्या वाऱ्यात उभ्या विमानांना पुन्हापुन्हा रंग द्यावा लागतो. दिसतो तो शेवटच्या रंगाऱ्याचा रंग, १९७१ चा नव्हे. अक्षरांचं मापही तसंच बदललेलं असू शकतं. म्हणून परतल्यावर काकांच्या कपाटातला जुना ग्रुप फोटो मागून घेतला. माणसांच्या मागे विमान. ब्लॅक अॅण्ड व्हाइट, त्यामुळे रंग नाही, पण माप पडताळता आलं. रंगाचं काकांनाच विचारलं. त्या संध्याकाळी ते दोन तास बोलले. एरवी 'जेवलास का' याच्या पुढे आमची गाडी जात नाही.

मग छपाई. काळी अक्षरं पारदर्शक डिकल पेपरवर लेझर प्रिंटरने छान येतात. इंकजेटवर छापलीत तर वार्निशचा हात द्या, नाहीतर शाई पाण्यात पसरते. घरच्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही, हे विसरू नका. म्हणून गोल चिन्हातला बाहेरचा केशरी करड्या रंगावर थेट लावला तर मळकट दिसतो. तो पांढऱ्या डिकल पेपरवर छापायचा. आणि चिकटवण्याआधी मॉडेलला चकचकीत वार्निश हवंच, नाहीतर फिल्मखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात.

तीन शीट वाया गेल्या. चौथी बसली.

परवा विमान काकांच्या हातात दिलं. या वेळी शाबासकी नाही की पाटीचा टोमणा नाही. त्यांनी बोट अक्षरांपाशी नेलं, पण टेकवलं नाही. तसंच हवेत धरून विचारलं, 'वाळलाय ना रे रंग?'