शाईचा डाग

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वेढे आणि तोफा उभ्या राहतात. जर्मनीतल्या आयसेनाख गावाच्या माथ्यावरील वार्टबुर्गवर माझा जीव जडला तो निराळ्याच कारणाने. परंपरा सांगते, १०६७ साली लुडविग नावाच्या सरदाराने तो बांधला. डोंगर दुसऱ्याचा, म्हणून पठ्ठ्याने आपल्या मुलखातली माती वर नेऊन पसरली, बारा जणांनी तीत तलवारी रोवल्या आणि आपण धन्याच्याच भूमीवर उभे आहोत अशी शपथ वाहिली! दंतकथाच ही, पण वकिलांनीही मान डोलवावी अशी.

१५२१ साली पोपने बहिष्कृत केलेला मार्टिन लूथर येथे लपला. सॅक्सनीच्या फ्रेडरिकने त्याला वाटेत पळवल्याचे सोंग करून गडावर आणविले. दाढी वाढवून, 'युंकर यॉर्ग' बनून तो दहा महिने राहिला आणि सुमारे अकरा आठवड्यांत त्याने ग्रीकमधला नवा करार जर्मन भाषेत उतरवला. माझी अर्धवट बाडे कपाटात का पडली आहेत, हे कृपा करून विचारू नका.

सैतानावर त्याने दौत भिरकावली, भिंतीवर डाग पडला, ही कथा मी वर्गात कितीदा रंगवून सांगितली! मग वाचनात आले, ती मागाहूनची. डाग पुन्हा पुन्हा रंगवीत आणि येणारेजाणारे तो खरवडून नेत. दुसऱ्या दिवशी वर्गात तसे कबूल केले. मुलांचे चेहरे उतरले.

"मग सर, भाषांतर तरी खरे ना?" मागच्या बाकावरून एकीने विचारले.

"ते खरे. १५२२च्या सप्टेंबरात छापून निघाले."

तिने वहीत तेवढेच टिपून घेतले.