मासे कशात मोजतात? मापन शिकवताना मला मिळालेला धडा



आज वर्गातल्या एका चुकीबद्दल लिहिते आहे. चूक माझी होती आणि ती मी लाल पेनाने एका मुलीच्या वहीत केली होती.

माझी शाळा वरळीची, वर्ग तिसरीचा. बरीच मुलं कोळीवाड्यातली, काही बीडीडी चाळींतली. मापनाचा पाठ संपला तेव्हा सरावासाठी मी फळ्यावर चार वस्तू लिहिल्या आणि समोर योग्य एकक लिहायला सांगितलं. दूध, तांदूळ, कापड आणि मासे. माझ्या डोक्यात उत्तरं तयार होती : लीटर, किलोग्रॅम, मीटर, किलोग्रॅम. एका मुलीने माशांसमोर लिहिलं, 'वाटा'. मी फुली मारली, बाजूला 'किलोग्रॅम' लिहिलं आणि पुढची वही घेतली. चाळीस वह्या तपासताना हात थांबत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना तिची आई दाराशी उभी होती. बाजारातून थेट आलेली.

"बाई, राग मानू नका. पण पोरगी रात्री रडली. मला म्हणते, आई, तू चुकीचं मोजतेस. आमचं काय चुकतं ते सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना आत बसवलं आणि विचारलं, "ताई, वाटा कसा लावता ते मला सांगाल?"

त्यांनी सगळं सांगितलं. बोंबील मोठे असले तर वाट्यात कमी, बारीक असले तर जास्त. माल किती आलाय, दिवस कुठला आहे, संध्याकाळ किती झाली आहे, यावर वाटा लहानमोठा होतो. गिऱ्हाईक हात लावून बघतं, घासाघीस करतं, वर एखादा बोंबील मागून घेतं. मग म्हणाल्या, "दहा वर्षं माझ्याकडेच येणाऱ्या बाईला काटा कशाला दाखवू? तिला वाटा कमी वाटला तर ती उद्या येणार नाही. पण पहाटे धक्क्यावर कोळंबी नाहीतर पापलेट घ्यायला जाते ना, तिथे माझे डोळे काट्यावरच असतात. तिथे कोण कुणाला ओळखतं?"

डी.एड.ला असताना 'अप्रमाणित एककाकडून प्रमाणित एककाकडे' हे वाक्य मी पाठ टाचणात कितीतरी वेळा लिहिलं होतं. पण माणसाला प्रमाणित माप का लागलं, याचं उत्तर मला त्या दिवशी वर्गातल्या बाकावर बसलेल्या त्या ताईंनी दिलं.

खरं माप कुणाचं?

पुढच्या आठवड्यात मी तो पाठ पुन्हा घेतला. आधी टेबलाची लांबी वितीने मोजली. माझ्या आठ विती भरल्या, वर्गातल्या उंच मुलाच्या दहा, सगळ्यात लहान मुलीच्या बारा. मी विचारलं, "मग खरं कुणाचं?"

एक मुलगा लगेच म्हणाला, "बाईंचं खरं. बाई मोठ्या आहेत!"

सगळे हसले, मीही हसले. पण नंतर ते उत्तर डोक्यातून जाईना. जुन्या काळी नेमकं हेच होत होतं. जो मोठा, त्याचं माप खरं.

माझी आजी संगमेश्वरकडची. तिच्या तोंडी चिपटं, मापटं, शेर, पायली, मण, खंडी हेच शब्द असायचे. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी असा तो हिशेब. ती सांगायची की काही सावकारांकडे दोन पायल्या असत. कुळाकडून भात घेताना मोठी आणि अडीअडचणीला परत देताना लहान. नाव दोघींचं 'पायली'च. कुळ बोलणार काय? त्याच्याकडे तिसरी, खरी पायली नव्हती.

नावं सारखी आणि मापं वेगळी हा घोळ सगळीकडेच होता. मणाचंच बघा. शेर चाळीसच, पण मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा. आणि ८० तोळ्यांच्या शेराचा सरकारी मण सुमारे ३७.३ किलोचा! परगावच्या माणसाने मुंबईत येऊन 'एक मण' म्हटलं तर कुठला मण, हे आधी विचारायला हवं.

शिवकाळातली काठी

यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न आपल्याकडे फार आधीपासून झाले. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास शिकवताना आपण किल्ले आणि लढाया रंगवून सांगतो, जमीनमोजणी मात्र एका ओळीत उरकतो. मुलांना ती जरूर सांगा. स्वराज्यात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली जमिनी मोजल्या गेल्या, त्या काठीने. सभासद बखरीत या काठीचं माप दिलं आहे : पाच हात आणि पाच मुठी, मिळून ८२ तसू. आणि हात किती? १४ तसूंचा. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा. १२० बिघ्यांचा एक चावर.

यातली गंमत मुलांना लगेच कळते. काठी हाताने सांगितली आहे, पण तो हात कुणाचा, हा प्रश्न शिल्लक ठेवलेला नाही. हात १४ तसूंचा म्हटल्यावर पाटलाचा हात लांब की कुळाचा आखूड, याने फरक पडत नाही. शेतसारा जमिनीच्या मापावरच ठरणार होता. काठी आखूड असती तर तेवढ्याच शेताचे बिघे जास्त भरले असते आणि सारा वाढला असता. म्हणून तर काठीचं माप ठरवून द्यावं लागलं.

शेर गेला, किलो आला

इंग्रजी अमलात १८७०-७१ मध्ये देशभर एकच माप आणण्याचे कायदे झाले, पण ते कागदावरच राहिले. मुंबई प्रांताने १९३२ मध्ये वजनमापांचा कायदा केला. खरा बदल स्वातंत्र्यानंतर झाला. डिसेंबर १९५६ मध्ये संसदेने प्रमाणित वजने व मापांचा कायदा मंजूर केला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे होते. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजनं टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल १९६२ पासून ती देशभर सक्तीची झाली.

आजी तेव्हा नुकतीच लग्न होऊन चाळीत आली होती. ती म्हणायची, "पैसे नवे, वजन नवं. दुकानात उभं राहिलं की डोकं गरगरायचं." तिची भीती अगदी खरी होती. शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. किलो त्याहून थोडा मोठा, म्हणजे भावही थोडा जास्त असणारच. पण थोडा म्हणजे किती? शेराला एक रुपया भाव असेल, तर किलोला साधारण एक रुपया सात नये पैसे. वाण्याने सव्वा रुपया मागितला तर गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? (पाचवी-सहावीला शिकवत असाल तर हे उदाहरण फळ्यावर जरूर सोडवून घ्या. एकमान पद्धतीचा उपयोग मुलांना पटतो.)

कुणाच्याच हाताचं नसलेलं माप

मीटर, किलो आले कुठून, हेही मी थोडक्यात सांगितलं. १७९० नंतरच्या दशकात, राज्यक्रांतीच्या काळात फ्रान्समध्ये असं ठरलं की माप कुठल्याच राजाच्या अंगावरून घ्यायचं नाही, पृथ्वीवरून घ्यायचं. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. पुढे १८८९ मध्ये प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा 'हाच किलोग्रॅम' म्हणून ठरला आणि तो पॅरिसजवळ जपून ठेवला गेला. भारताला मिळालेली त्याची प्रत ५७ क्रमांकाची, ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून तर किलोग्रॅम त्या ठोकळ्यावरही अवलंबून नाही. तो निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या स्थिरांकावरून ठरतो.

दिल्ली आणि पॅरिस मुलांना लांब वाटतात. म्हणून मी ओळखीच्या वाण्याकडून एक लोखंडी वजन मागून आणलं आणि वर्गात उलटं करून दाखवलं. तळाला शिसं भरलेलं असतं आणि त्यावर शिक्का असतो. वैधमापनशास्त्र विभाग वजनं ठरावीक मुदतीने तपासून असा शिक्का मारतो. प्रत्येकाने वजन हातात घेऊन शिक्क्यावरून बोट फिरवलं. मी म्हटलं, "दुकानदार ओळखीचा नसला तरी चालेल. हा शिक्का बघायचा."

मग बीडीडीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, आमची खोली १६० फूट आहे. नवीन घर ५०० फुटांचं मिळणार. म्हणजे केवढं?" आम्ही टेप आणि खडू घेऊन मैदानात गेलो. १० फूट बाय १६ फूट असा एक चौकोन आखला, शेजारी २० फूट बाय २५ फूट असा दुसरा. पोरं एका घरातून दुसऱ्या घरात उड्या मारत होती. कागदावर हेच ५०० चौरस फूट ४६.४५ चौरस मीटर म्हणून लिहिले जातात, हेही सांगितलं. संध्याकाळी त्या मुलाचे वडील आले, बराच वेळ त्या खडूच्या रेघा बघत उभे राहिले आणि मग टेप कुठे मिळेल, असं विचारून गेले. आपलं घर आपल्याला मोजता आलं पाहिजे, एवढं मापन प्रत्येक घरात पोचायला हवं असं मला तेव्हा वाटलं.

ती वही

शेवटी त्या मुलीची वही मागून घेतली. माझी फुली खोडली आणि 'वाटा' या शब्दासमोर बरोबरची खूण केली. मग तिला विचारलं, "आणि आई धक्क्यावर घेते तेव्हा?" तिने स्वतःच खाली लिहिलं, 'किलो'. दोन्ही उत्तरं बरोबर, हे मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं. कुठलं कधी लागतं, हे तिलाच समजावून सांगायला लावलं. तिने आईसारखेच हातवारे करत वाटा लावून दाखवला.

शिक्षकांना एक विनंती. प्रमाणित एककं शिकवण्याआधी मुलांच्या घरची मापं वर्गात येऊ द्या. जुडी, डझन, गजरे विकणारीची वीत, मसाल्याची मूठ, आजीचं मापटं. ती कुठे पुरतात आणि कुठे कमी पडतात, हे मुलांनाच शोधू द्या. आणि पालकांनो, पुढच्या वेळी भाजीला जाताना मुलाला सोबत न्या. काटा शून्यावर आहे का, हे त्याला बघू द्या.

मी आता वह्या तपासताना वेगळं उत्तर दिसलं की फुली मारण्याआधी एकदा मुलाला विचारते, "हे कुठे पाहिलंस?" वेळ थोडा जास्त लागतो.