बेताल नाडी आणि गळ्यातील ग्रंथी

वय झाले की माणूस थकणारच, हे वाक्य आपल्या घरांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याआड दडलेला आजार कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या आईचे ७४व्या वर्षी वजन उतरू लागले, अन्नावरची वासना उडाली, जिना चढताना धाप लागू लागली. हातांना कंप नव्हता, डोळे मोठे झाले नव्हते, गळ्याला सूजही नव्हती. उतारवयात हा आजार असाच मुकाट्याने येतो. नाडी मात्र बसल्या जागी ११८, आणि तीही बेताल: दोन ठोके लगोलग, मग लांबलेला खंड. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन दिसले. रक्ततपासणीत टीएसएच जवळजवळ शून्य. दोष हृदयात दिसत होता, पण त्याचे मूळ गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत होते.

या ग्रंथीचे संप्रेरक अधिक झाले की हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसतेच थरथरतात. तेथे रक्त साकळून गुठळी मेंदूकडे गेली, तर पक्षाघात. अमेरिकेतील फ्रामिंगहॅमच्या, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत टीएसएच फारच कमी असलेल्या साठीपुढील लोकांत हा ताल बिघडण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला. थायरॉइड मंद म्हणून घेतलेल्या गोळीची मात्रा जास्त झाली, तरी टीएसएच असेच घसरते, हेही ध्यानी असू द्यावे.

प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध हृदयाचा वेग आवरते. घरात कुणाला दमा असल्यास डॉक्टरांना ते आधी सांगावे. कार्बिमाझोल नवे संप्रेरक बनू देत नाही, पण ग्रंथीतला जुना साठा संपेपर्यंत काही आठवडे जातातच, तेव्हा गोळी लागू पडत नाही म्हणून ती सोडू नये. ही गोळी चालू असताना ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर काढ्यावर विसंबू नका. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे व पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. क्वचित त्या धोकादायकरीत्या घटतात. काहींना पुढे किरणोत्सारी आयोडीन सुचवले जाते.

ग्रंथी शांत झाली की पुष्कळांचा ताल आपोआप परततो. आईचा चौथ्या महिन्यात परतला. रक्त गोठू न देणारी गोळी मात्र डॉक्टरांनी अजून बंद केलेली नाही, आणि तिच्याविषयी आईची रोज सकाळी तक्रार असते.